सही करा, पण पत्ता बघून

मागच्या महिन्यात पेडगाव स्टेशनवर पॅसेंजरची वाट बघत होते. तेवढ्यात कॉलेजच्या ग्रुपवर एक लिंक आली. दूरच्या देशातली जमिनीच्या हक्कासाठी लढणारी एक कार्यकर्ती, तिला जिवे मारायच्या धमक्या, आणि खाली 'सही करा' असं बटण. मी नाव टाकलं, ईमेल टाकला, बटण दाबलं. शेजारी बसलेली मैत्रीण म्हणाली, "अगं, ती कुठली, तू कुठली? तुझ्या सहीला भिऊन कुणी बंदूक खाली ठेवणारय का?"

गाडी आली, विषय तिथंच राहिला. प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. तुम्हीही अशा सह्या केल्या असतील, स्टोरी टाकली असेल, हॅशटॅग वापरला असेल. त्यानं नेमकं काय होतं?

उत्तर शोधायला परदेशात जायची गरज नाही. नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा तालुक्यात मणिबेली नावाचं आदिवासी गाव आहे. सरदार सरोवर धरणाच्या पाण्याचा फटका बसणाऱ्या महाराष्ट्रातल्या ३३ गावांपैकी हे धरणाच्या सगळ्यात जवळचं. धरण गुजरातेत, पाणी चढणार सातपुड्यातल्या या गावांवर. १९८५मध्ये जागतिक बँकेनं या प्रकल्पाला ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. ज्यांची घरं बुडणार होती त्यांना ना नीट माहिती होती, ना मोबदल्याची खात्री. मेधा पाटकर आणि त्यांचे सहकारी गावोगाव फिरले ते त्यानंतरच्या काळात. त्यातून नर्मदा बचाओ आंदोलन उभं राहिलं.

आता इथून पुढचं नीट वाचा, कारण खरी गंमत इथे आहे. जगभरातल्या ज्या संघटना या लोकांच्या पाठीशी उभ्या राहिल्या, त्यांनी 'नर्मदेला वाचवा' अशी नुसती हाळी दिली नाही. पैसा कुठून येतो ते आधी शोधलं. जागतिक बँकेला पैसा देणाऱ्या देशांत अमेरिका सर्वात मोठी, आणि तो पैसा मंजूर करते अमेरिकेची संसद. म्हणून १९८९मध्ये तिथल्या संसदेच्या उपसमितीसमोर या धरणाची सुनावणी झाली आणि मेधाताईंनी तिथे साक्ष दिली. धरणाच्या टर्बाइनसाठी जपान पैसा देणार होता. तिथल्या पर्यावरणवाद्यांनी स्वतःच्या सरकारला घेरलं, आणि १९९०मध्ये जपाननं हात काढून घेतला.

त्याच वर्षाच्या अखेरीस हजारो विस्थापित पायी गुजरातच्या दिशेनं निघाले. फेरकुवाला त्यांना सीमेवर अडवलं. मेधाताईंचं उपोषण तीन आठवडे चाललं. त्यानंतर जागतिक बँकेनं स्वतःच्याच प्रकल्पाची स्वतंत्र चौकशी लावली. असं बँकेनं पहिल्यांदाच केलं. ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या समितीनं जून १९९२मध्ये अहवाल दिला. पुनर्वसन नीट होणं या परिस्थितीत शक्य नाही, बँकेनं एक पाऊल मागे घ्यावं, असा त्याचा सूर. तरीही ऑक्टोबरमध्ये बँकेनं अटी घालून कर्ज चालू ठेवलं. अखेर ३० मार्च १९९३ला भारत सरकारनंच उरलेलं कर्ज नको म्हणून कळवलं.

सिनेमा असता तर इथे पडदा पडला असता. प्रत्यक्षात धरणाचं काम चालूच राहिलं, फक्त आता पैसा आपल्याच सरकारांचा होता. वॉशिंग्टन किंवा टोकियोतून ओढता येईल अशी दोरीच उरली नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये धडगाव भागात सर्वेक्षणाला झालेल्या विरोधात पोलिसांनी गोळीबार केला आणि रेहमल वसावे हा कोवळ्या वयाचा आदिवासी मुलगा मारला गेला. सर्वोच्च न्यायालयानं २०००मध्ये बांधकामाला परवानगी दिली, आणि २०१७मध्ये १३८.६८ मीटरच्या पूर्ण उंचीवर धरणाचे दरवाजे बंद झाले.

मग सगळं फुकट गेलं का? मला तसं वाटत नाही. १९९३मध्येच जागतिक बँकेला तपासणी मंडळ स्थापन करावं लागलं. बँकेच्या प्रकल्पामुळे नुकसान झालेले कुठल्याही देशातले लोक आज तिथे थेट तक्रार करू शकतात. १९९४मध्ये ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी मोठ्या धरणांना बँकेनं पैसा देऊ नये अशी मागणी केली, त्या जाहीरनाम्याला नाव दिलं मणिबेलीचं. गाव पाण्यात जात होतं आणि नाव जगभर फिरत होतं. यात आनंद मानायचा की शरम, मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसरं उदाहरण मध्य अमेरिकेतलं, पण धागा तोच. मेधाताईंना १९९२मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. तोच पुरस्कार २०१५मध्ये होंडुरासच्या बेर्ता कासेरेसना मिळाला. लेंका आदिवासींच्या नदीवरच्या धरणाला त्यांचा विरोध होता. जगभर नाव झालं, आंतर-अमेरिकी मानवी हक्क आयोगानं त्यांना संरक्षण द्या असं सरकारला आधीच सांगितलं होतं. तरी २ मार्च २०१६च्या रात्री त्यांच्या घरात घुसून त्यांना गोळ्या घातल्या. नेदरलँड्स आणि फिनलंडच्या वित्तसंस्थांनी त्या प्रकल्पातून अंग काढून घेतलं २०१७मध्ये. म्हणजे दोरी होती, ती ओढली गेली बाई गेल्यावर.

आणि जिथे अशी दोरीच नसते तिथे? भीमा कोरेगाव प्रकरणात १६ जणांना यूएपीएखाली अटक झाली. त्यांचे माओवाद्यांशी संबंध असल्याचा तपास यंत्रणेचा दावा, तो खोटा असल्याचं आरोपींचं म्हणणं. त्यातले फादर स्टॅन स्वामी पार्किन्सनचे रुग्ण, वय ऐंशीच्या पुढे. ऑक्टोबर २०२०मध्ये अटक झाली, आणि त्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उच्चायुक्तांनी त्यांचं नाव घेऊन चिंता व्यक्त केली. फरक पडला नाही. पण हात थरथरतात म्हणून त्यांनी स्ट्रॉ आणि सिपर मागितला आणि ती गोष्ट बाहेर आली, तेव्हा लोकांनी सोशल मीडियावर रान उठवलं, काहींनी तर थेट तळोजा तुरुंगाच्या पत्त्यावर सिपर ऑर्डर केले. थोड्याच दिवसांत तुरुंग प्रशासनानं सिपर दिल्याचं सांगितलं. जामीन मात्र मिळाला नाही. ५ जुलै २०२१ला ते गेले. त्यांची कैद मनमानी होती, असं संयुक्त राष्ट्रांच्या कार्यगटानं ठरवलं ते त्यानंतर चार महिन्यांनी. याच प्रकरणातले, मूळचे यवतमाळ जिल्ह्यातले प्रा. आनंद तेलतुंबडे यांच्यासाठीही जगभरच्या प्राध्यापकांनी पत्रं लिहिली. ते सुटले नोव्हेंबर २०२२मध्ये, मुंबई उच्च न्यायालयानं जामीन दिल्यावर.

अशा वेळी 'परकीय हात' हा शब्द हमखास येतो. गंमत बघा, परदेशी कर्ज आलं तर तो विकास, आणि त्याच कर्जाबद्दल परदेशी माणसानं प्रश्न विचारला की ती ढवळाढवळ!

आपल्या परभणीचंच बघा. डिसेंबर २०२४मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाल्यावर शहर पेटलं. त्यात पकडलेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत गेला. राज्यभरातून लोक इथे आले. मागण्या बऱ्याच झाल्या, पण त्याच्या आईनं धरून ठेवलेली मागणी एका ओळीची होती: पोलिसांवर गुन्हा नोंदवा. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं जुलै २०२५मध्ये तसा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयातही तो टिकला. पुढचं अजून बाकी आहे, पण निदान कागद हलला.

एक गोष्ट लिहावी की नको असं वाटत होतं, लिहितेच. आमच्या भागात धरण म्हटलं की पहिल्यांदा आठवतं ते जायकवाडीचं आवर्तन. डाव्या कालव्याला पाणी सुटलं की माणसं खूश. त्या पाण्यासाठी पैठण, गंगापूर, नेवासा, शेवगावकडची गावं उठली, त्यांच्यासाठी आमच्याकडे कुणी सही केल्याचं मी ऐकलेलं नाही. दूरच्या नदीसाठी बटण दाबणं सोपं, कारण तिचं पाणी आपल्या शेतात येत नाही.

परवा ती जुनी लिंक पुन्हा उघडली. निवेदन कुणाला जाणार हे शोधलं, तर लिहिलं होतं 'जगाचं लक्ष वेधण्यासाठी'. ना त्या देशाच्या मंत्र्याचं नाव, ना कंपनीचं, ना कर्ज देणाऱ्या बँकेचं. आयोजकांना ईमेल केला की हे नेमकं कुणाच्या टेबलावर पडणार आहे. अजून उत्तर नाही. मैत्रिणीला दाखवलं तर म्हणाली, "उत्तर आलं तर मलाही लिंक पाठव."