हक्क दिला, आता तो दारी पोचवा!

सत्तरी गाठलेल्या प्रत्येक भारतीयास, तो गरीब असो वा सधन, रुग्णालयातील उपचारांसाठी सरकारी विम्याचे छत्र द्यावे, असा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने ११ सप्टेंबर २०२४ रोजी घेतला आणि त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला, धन्वंतरी जयंतीच्या दिवशी, तो अमलात आला. २०१८ मध्ये आयुष्मान भारत योजना सुरू झाली, तेव्हा तिचे दार दारिद्र्याच्या कसोटीवर उघडत असे. वृद्धांपुरती ती कसोटी आता उरली नाही. वय हीच पात्रता ठरली. आजाऱ्याला वाचविण्यासाठी जमीन विकावी की दागिने, या विवंचनेत सापडलेली घरे ज्याने पाहिली आहेत, तो या निर्णयाचे मोल जाणील. आम्हीही त्याचे मोकळ्या मनाने स्वागत करतो.

परंतु हक्क कागदावर देणे निराळे आणि तो माणसाच्या हाती पडणे निराळे. धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव घ्या. दोन हजार वर्षांपूर्वी ‘तगर’ या नावाने ग्रीक दर्यावर्द्यांस ठाऊक असलेली ही व्यापारपेठ. येथला माल भडोचमार्गे परदेशी जाई. गोरोबाकाकांचेही हेच गाव. अशा गावातील एखादी वृद्धा डोळ्यांपुढे आणा. आयुष्यभर मातीत राबून तिच्या बोटांवरील रेषा झिजल्या आहेत. यंत्रावर ठसा उमटत नाही. मोबाइल मुलाजवळ आहे आणि मुलगा पुण्यात. आधार कार्डावरील जन्मसाल कोणी तरी अंदाजाने घातलेले. आणि योजनेत वय मोजले जाते ते त्याच कार्डावरून! तेथे सत्तरीऐवजी सदुसष्ट लिहिले असेल, तर सत्तरीचा हक्क तिला तीन वर्षे पारखा झाला. जिला मदतीची गरज सर्वांत अधिक, तिलाच नोंदणी सर्वांत अवघड, असा हा उफराटा न्याय आहे.

यावर उपाय नाहीत असे नाही. बोटांचा ठसा जुळला नाही, तर डोळ्याच्या बुबुळावरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय आहे. प्रश्न एवढाच की, ती सोय वृद्धाने शोधीत जावे की शासनाने त्याच्याकडे घेऊन यावे? मतदानाच्या वेळी अतिवृद्धांच्या घरी मतपत्रिका नेणारे राज्ययंत्र आरोग्याच्या नोंदणीसाठी त्यांच्या उंबरठ्यापर्यंत जाऊ शकत नाही काय? ग्रामपंचायतीने सत्तरीच्या वृद्धांची यादी करावी, आशा सेविकांना या कामाचा योग्य मोबदला द्यावा आणि चुकलेल्या जन्मसालाची दुरुस्ती गावातच व्हावी.

आमच्या शहरी वाचकांचेही येथे काही कर्तव्य आहे. उत्पन्नाची अट नसल्याने निवृत्त प्राध्यापक आणि गावाकडचे शेतमजूर, दोघेही पात्र आहेत. खाजगी विमा असला तरी हरकत नाही. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचे लाभार्थी मात्र दोहोंपैकी एकच निवडू शकतात. ५ लाखांची वार्षिक मर्यादा कुटुंबाची आहे. घरात दोन वृद्ध असतील तर ती दोघांत मिळून. जुने आयुष्मान कार्ड असले तरी या लाभासाठी नव्याने नोंदणी करावी लागते, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. आधीपासून जडलेल्या व्याधींवरही पहिल्या दिवसापासून उपचार मिळतात. तेव्हा पुढच्या खेपेस गावी जाल तेव्हा आईवडिलांची नोंदणी करा, आणि शेजारच्या, ज्यांना कोणी नाही, अशा म्हाताऱ्यांचीही करा.

योजनेतील उणीव मात्र झाकून ठेवता येणार नाही. विमा आहे तो रुग्णालयात दाखल होणाऱ्यास. रक्तदाबाच्या रोजच्या गोळीला त्यात स्थान नाही. त्या गोळीअभावी पक्षाघात झाल्यावर लाखो रुपये देण्यास जे शासन सिद्ध आहे, त्याने आधी ती गोळी गावच्या दवाखान्यात अखंड मिळेल असे पाहणे शहाणपणाचे नव्हे काय?

गोरोबाकाकांनी संतमेळ्यात थापटणे हाती घेऊन कच्चे मडके कोणते आणि पक्के कोणते याची पारख केली, अशी कथा आहे. ते थापटणे आज या योजनेवर पडले पाहिजे. किती कार्डे वाटली या आकड्याने तिची पारख होणार नाही. तेरची ती वृद्धा आजारी पडेल त्या दिवशी तिला खाट मिळते की नाही, यावरच मडके कच्चे की पक्के ते ठरेल.