सोळा जागा आणि सतरावा नंबर

मुंबई महापालिकेच्या इमारतीसमोर एक भारदस्त पुतळा उभा आहे. सर फिरोजशहा मेहता! काँग्रेसचे पुढारी म्हणून शाळेच्या पुस्तकात त्यांचं नाव भेटतं. पण या माणसाने उमेदीची वर्षं घालवली ती नळ, गटारं, रस्ते आणि घरपट्टीच्या कारभारात.

१८७१ साली पालिकेच्या तिजोरीत खडखडाट होता. कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या खर्चिकपणावर शहर खवळलं होतं. अशा वेळी २६ वर्षांच्या या बॅरिस्टरने भर सभेत उलटाच सूर लावला. दोष माणसापेक्षा व्यवस्थेचा आहे. कारभार एका अधिकाऱ्याने करावा, पण तिजोरीची किल्ली करदात्यांच्या प्रतिनिधींकडे हवी, असं त्यांचं म्हणणं. श्रोते नाराज झाले. पुढे मात्र त्याच धर्तीवर कायदे झाले. १८८८च्या कायद्याच्या घडणीत मेहतांचा मोठा वाटा होता. मुंबईचा कारभार आजही त्याच कायद्याने चालतो.

पालिकेत मेहतांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. साहेबांना हे कसं रुचावं? १९०७ साली अकाउंटंट जनरल हॅरिसन यांच्या पुढाकाराने बड्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी एक गट बांधला. अमेरिकेतल्या राजकारणात उमेदवार ठरवणाऱ्या खासगी बैठकीला ‘कॉकस’ म्हणतात. मुंबईकरांनी या गटाला तेच नाव दिलं.

पालिकेत ७२ सभासद. त्यातले १६ जे. पी. मंडळी निवडून देत. मेहता तिथूनच उभे होते. मतमोजणी झाली आणि त्यांचा नंबर आला सतरावा! शहर हळहळलं. माधवबागेत निषेधाची सभा भरली, अध्यक्ष होते गोपाळ कृष्ण गोखले. पुढे निवडून आलेल्यांपैकी एकाची निवड रद्द ठरली आणि मेहता पुन्हा सभागृहात आले.

त्याच वर्षी त्यांचा एक जुना लढाही तडीस गेला. शहर पोलिसांचा खर्च पालिकेने का सोसावा, असा त्यांचा सवाल होता. नव्या कायद्याने तो बोजा सरकारकडे गेला; प्राथमिक शाळा आणि दवाखाने पालिकेने पत्करले.

१९११मध्ये मेहता चौथ्यांदा पालिकेचे अध्यक्ष झाले. १९१५ साली ते गेले. पालिकेच्या शाळेत पाटी गिरवलेल्या किती मुंबईकरांना ठाऊक असेल, की त्या शाळेमागे पोलिसांच्या बिलावरून झालेलं भांडण होतं?