मोठे घर, वेगळे उंबरठे

खाली पेढी आणि वर बिऱ्हाड अशा रीतीने बांधलेली घरे बार्शी, लातूर, सांगली यांसारख्या व्यापारी गावांत आजही उभी आहेत. मुले पुण्या-मुंबईस स्थिरावली, की अशा प्रशस्त घरात दोन वृद्ध जीव उरतात. मग घराचे भाग पाडून ते भाड्याने देण्याचा विचार पुढे येतो. विचार व्यवहार्य आहे. मात्र भिंत घालण्यापूर्वी कागद पाहावेत.

पहिला प्रश्न मालकीचा. वडिलोपार्जित घर बहुधा एकट्याचे नसते. हिंदू उत्तराधिकार कायदा जैन कुटुंबांनाही लागू आहे आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. भावांबरोबर सासरी गेलेल्या बहिणीचीही लेखी संमती घ्यावी. भाडे महिन्याने मिळते. तुटलेले नाते सहसा परत मिळत नाही.

दुसरा प्रश्न बांधकामाचा. इमारतीत महत्त्वाचा बदल करण्यापूर्वी पालिकेची परवानगी घ्यावी. जुन्या मातीच्या भिंतींत ओल लवकर मुरते; म्हणून नवी न्हाणीघरे वरखाली एकाच रेषेत काढावीत. जिना आणि विजेचे मीटर प्रत्येक बिऱ्हाडास स्वतंत्र असावे. सामाईक मीटर म्हणजे दरमहा सामाईक भांडण.

तिसरा प्रश्न कराराचा. अकरा महिन्यांच्या करारास नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. ती जबाबदारी घरमालकाची. तसे नसल्यास अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शब्दावर लाखोंचा माल देणाऱ्या घराण्यांनी ही तरतूद विशेष ध्यानी ठेवावी.

उरतो हिशेब. भाड्यातून भरलेला पालिका कर वजा जाता उरलेल्या रकमेवर प्राप्तिकरात ३० टक्के वजावट मिळते. भाड्याने दिलेल्या भागाचा मालमत्ता कर मात्र बहुतेक ठिकाणी वाढतो. तो आधी विचारून घ्यावा.

आणि एक गोष्ट हिशेबाबाहेरची. पेढी बंद झाली असल्यास तळमजल्याचा, जिना न चढावा लागणारा, उजेडाचा भाग वृद्धांनी स्वतःसाठी राखावा. अधिक भाड्याच्या मोहाने घरधन्यानेच अडगळीच्या खोलीत जावे, असा व्यवहार कोणत्याही वहीत नफ्याचा ठरत नाही.