हरवणारा समोर हवा

आमच्या घरात गेले तीन महिने एक कुस्ती चालू आहे. एका बाजूला माझा मुलगा, दुसऱ्या बाजूला नववीत शिकणारा नातू, आणि पंच म्हणून मी. वादाला कारण एक व्हिडिओ गेम. त्याचं नाव ‘स्ट्रीट फायटर सिक्स’. पडद्यावर दोन माणसं समोरासमोर उभी राहतात आणि एकाचं बळ संपेपर्यंत मारामारी करतात. तीन फेऱ्यांपैकी दोन जिंकेल तो विजयी. नातू हा खेळ नव्याने शिकतो आहे आणि, खरं सांगायचं तर, सारखा हरतो आहे. रात्रीच्या जेवणानंतर तासभर बसतो आणि पंधरा डावांपैकी तेरा हरून उठतो. मुलाचं म्हणणं असं, की हरायचंच असेल तर गणितात हर, निदान शिकवणी तरी लावता येईल.

पंचाने निःपक्षपाती असावं. पण या प्रकरणात माझे हात आधीच अडकलेले आहेत.

१९९८ सालची गोष्ट. नव्या पेठेच्या मागच्या अंगाला एका गल्लीत व्हिडिओ गेमचं दुकान होतं. शटर अर्धं खाली, आत अंधार, भिंतीला टेकून चार मशिनं आणि त्यांना चिकटलेली वीस-पंचवीस पोरं. त्या काळात गावोगावच्या अशा दुकानांत दोन खेळांची चलती होती. एक ‘मुस्तफा’. त्याचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, पण आपल्या पोरांनी त्यातल्या एका पात्राच्या नावाने त्याचं बारसं केलं होतं. दुसरा ‘किंग ऑफ फायटर्स नाइन्टी सेव्हन’. एक रुपयाचं नाणं टाकायचं आणि भिडायचं. हरेल त्याने उठायचं, जिंकेल त्याने बसून राहायचं. माझा मुलगा तेव्हा सातवीत होता. शिकवणीला जातो म्हणून तो तिथे जात होता. मी त्याला कानाला धरून बाहेर काढलं आणि भर रस्त्यातून घरी आणलं. त्या क्षणी तो जिंकत होता, हे त्याने मला वीस वर्षांनी सांगितलं.

त्याच वर्षी एक तरुण बँकेत माझ्या टेबलासमोर येऊन बसला. असलंच दुकान काढायला दोन मशिनं घ्यायची होती, त्यासाठी त्याला कर्ज हवं होतं. कागद चोख होते, जामीनदारही भला होता. मी अर्जावर शेरा मारला : ‘व्यवसाय समाजोपयोगी नाही. शिफारस नाही.’ सही ठोकताना आपण गावातल्या पोरांना वाचवतो आहोत असं मला वाटलं होतं. नोकरीच्या काळात मी मारलेले बरेच शेरे विसरलो, हा विसरलो नाही.

तर आता नातवाच्या हरण्याकडे येऊ. प्रायश्चित्त म्हणा की रिकामपण म्हणा, मी त्याच्या शेजारी बसून हा खेळ समजून घेतला. बाहेरून तो नुसता बटणं बडवण्याचा प्रकार दिसतो. प्रत्यक्षात त्यात एक साधी तिढी आहे. मागे कळ दाबून धरली की आपला बचाव होतो आणि समोरच्याचा ठोसा अडतो. पण नुसता बचाव करत बसलात, तर तो जवळ येऊन तुम्हाला पकडतो आणि आपटतो. पकडायला येणाऱ्याला आधीच ठोसा हाणता येतो, आणि तो ठोसा पुन्हा बचावाने अडतो. दगड-कागद-कात्रीच म्हणा. त्यात पायावरचा मार बसून अडवायचा आणि उडी मारून वरून येणारा उभं राहून.

हे सगळं घडतं सेकंदाला साठ चित्रं या वेगाने. सगळ्यांत झटपट ठोसा चौथ्या चित्रालाच लागतो, म्हणजे सेकंदाच्या पंधराव्या भागात. माणसाला डोळ्यांनी पाहून हात हलवायला साधारण पाव सेकंद लागतो. तेव्हा तो ठोसा पाहून अडवणं शक्यच नाही. समोरच्याची सवय ओळखावी लागते. हा दर वेळी काय करतो, घाबरला की काय करतो, जिंकत आला की काय करतो, हे हेरायचं.

आणि नातवाची सवय कोणाच्याही लक्षात यावी अशी होती. तो उड्या मारायचा. नवा खेळाडू हमखास उड्या मारतो, कारण उडीने वाटेतलं सगळं टळेल असं त्याला वाटतं. पण उडी साधारण पाऊण सेकंदाची असते आणि हवेत दिशा बदलता येत नाही. खाली जो शांत उभा आहे त्याला वर एक ठोसा लावायला तेवढा वेळ भरपूर होतो.

मला लहानपणची तालीम आठवली. लाल मातीचा हौद, तेलाचा वास, आणि कोपऱ्यात बसलेले वस्ताद. आम्हा नव्या पोरांना धोबीपछाड शिकायची घाई. वस्ताद मात्र नुसतं उभं राहायला आणि खडाखडी करायला लावायचे. पाय उचलला की ओरडायचे. मी सोळाव्या दिवशी तालीम सोडली. अंग दुखतं असं घरी सांगितलं. खरं कारण असं, की शेजारच्या वाड्यातला माझ्याहून लहान पोरगा मला रोज चारचौघांत चीत करायचा. मी आणखी महिनाभर टिकलो असतो तर पैलवान झालो असतो असं मुळीच नाही. पण तो पोरगा मला रोज पाडायचा कसा, हे निदान कळलं असतं.

नातवाची अडचण याच्या नेमकी उलट होती. त्याला चारचौघे नव्हतेच. घरी बसून इंटरनेटवर खेळायचं, तर समोरचा मुंबईत आहे की दुबईत, पत्ता नाही. तो हरवतो आणि पुढच्या क्षणी नाहीसा होतो. राहतो तो एक आकडा. रूकी, आयर्न, ब्राँझ अशा पायऱ्या आहेत, आणि तिथे माणसाऐवजी पायरी दिसते. आपण का हरलो हे विचारायला कोणी नसलं की पोरं व्हिडिओंकडे वळतात. नातवाने तिथून पंधरा-पंधरा माऱ्यांची साखळी पाठ केली होती. ती लावायची संधी त्याला एकदाही मिळत नव्हती, कारण पहिला मारा लागण्याआधीच तो हवेत असायचा.

इथे मला लाहोरचं उदाहरण सांगावंसं वाटतं. २०१९ साली अर्सलान ॲश या नावाने खेळणारा लाहोरचा तरुण ‘टेकन सेव्हन’ या अशाच लढतीच्या खेळात आधी जपानमधली आणि मग ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या लास व्हेगासची ‘इव्हो’ स्पर्धा जिंकला. इव्हो म्हणजे या खेळांची पंढरी. अंतिम लढतीत त्याने हरवलं ते कोरियाच्या ‘नी’ या नावाजलेल्या खेळाडूला. पाकिस्तानातून आलेल्या त्याला तोवर जगात कोणी ओळखत नव्हतं. त्याने सांगितलं, की आमच्याकडे माझ्या तोडीचे आणखीही आहेत. लोकांना ती बढाई वाटली. तो ‘नी’ मात्र त्याच वर्षी उठून पाकिस्तानात गेला, तिथल्या पोरांशी भिडला आणि कित्येक डाव हरला. अशी गुणी पोरं आपल्याकडेही असतीलच. पण तिकडे एकमेकांना समोर बसून रोज पाडणारी पोरं दुकानांतून जमत होती. आपण आपली तसली दुकानं बंद पडू दिली. त्यातल्या एकाला उघडूच न देण्याचं श्रेय माझ्याकडे जातं.

आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सना क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत आणलं. पुढच्या वर्षी हांगचौच्या आशियाई खेळांत ‘स्ट्रीट फायटर फाइव्ह’साठी मयांक प्रजापती आणि अयान बिस्वास हे दोघे भारताकडून उतरले. पदक मिळालं नाही. सुवर्ण मिळवलं कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी! हे मी मुलाला मुद्दाम वाचून दाखवलं. तो चाळीस वर्षांचा आहे. त्याने चष्मा पुसला आणि नातवाच्या घटक चाचणीचे गुण विचारले.

त्याची काळजी खोटी नाही. पडद्यावरचा पैशांचा जुगार आणि हा खेळ, दोन्ही बापाला लांबून सारखेच दिसतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सना वेगळं काढून मान्यता दिली, ते बरं झालं. तरी यातून पोटापाण्याची सोय होईल असं कोणी सांगत असेल तर त्यावर मी विश्वास ठेवणार नाही. तालमीत जाणाऱ्या शंभरांतले किती जण कुस्तीवर जगले? परीक्षेआधी महिनाभर खेळ बंद, हा करार मीच लिहून दोघांच्या सह्या घेतल्या आहेत. सवय जात नाही.

गावात कुठे अशी पोरं जमतात का, याची चौकशी नातवानेच केली. विजापूर रस्त्याला एका पहिल्या मजल्यावर गेमिंगचं दुकान आहे, तासाला ऐंशी रुपये. बहुतेक पोरं तिथे फुटबॉल नाहीतर बंदुकांचे खेळ खेळतात. रविवारी दुपारी चारनंतर मात्र एका कोपऱ्यात सहा-सात जण लढतीच्या खेळाला बसतात. एकट्याला पाठवायला घरातून परवानगी नव्हती म्हणून मी सोबत गेलो. मला एक प्लास्टिकचं स्टूल मिळालं. एक पोरगा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला, एक इंजिनिअरिंगचा, एकाच्या घरी पूर्व भागात यंत्रमाग. बोलणं मराठी, तेलुगू, कन्नड अशा मिसळीचं, आणि शिव्या तिन्ही भाषांत, पण मी बसलो होतो म्हणून अर्ध्या गिळलेल्या. मुलगी एकही नव्हती. हे मला खटकलं, कारण या खेळात अंगाच्या बळाचा काहीच संबंध नाही.

मोबाइलवाला पोरगा त्यांच्यातला वस्ताद. नातू त्याच्याकडून ओळीने अकरा डाव हरला. सहाव्यानंतर त्याचे कान लाल झाले, नवव्यानंतर तो माझ्याकडे बघेना. मला सोळावा दिवस आठवला आणि मी उठायच्या बेतात होतो. तेवढ्यात त्या पोराने हातातलं रिमोट खाली ठेवलं.

“काय बे, दर वेळी उडी मारायलास की. मी नुसता वाट बघायलोय.”

मग त्याने दहा मिनिटं खेळच थांबवला. आता फक्त चालायचं, म्हणाला. पुढे दोन पावलं, मागे एक. मी उडी मारली तर मला पाड, बाकी काही करू नको. ती पंधरा माऱ्यांची साखळी विसर, एकच ठोसा शिक. बारावा डावही नातू हरला, पण तिसऱ्या फेरीपर्यंत गेला आणि त्याने दोनदा त्या पोराला हवेतून खाली पाडलं. कोपऱ्यातली सगळी पोरं ओरडली. इंटरनेटवर कोणी ओरडत नाही.

“आजोबा, ह्याला आणत जावा दर रविवारी,” वस्ताद म्हणाला. “शिकायलाय.”

अशी जागा म्हणजे दोन पडदे, चार खुर्च्या आणि ठरलेली एक संध्याकाळ. गणेशोत्सव मंडळांच्या खोल्या वर्षातले दहा महिने कुलपात असतात, वाचनालयांची सभागृहं रविवारी ओस पडतात, कॉलेजांतून तर यंत्रं आणि पोरं दोन्ही आहेत. तालमींना पूर्वी पेठेतल्या दुकानदारांनी वर्गणी दिली, ती काही पोरं पदकं आणतील म्हणून नव्हे. कोणी विचारलं तर मी वर्गणी देईन. जामीनही राहीन.

गेल्या रविवारी आम्हाला न्यायला मुलगा आला. खाली हॉर्न वाजवून कंटाळला आणि तणतणत जिना चढून वर आला. दारातच थांबला. पडद्याकडे बराच वेळ बघत राहिला.

“ह्यात इओरी आहे का?” त्याने विचारलं.

नातवाला काही कळलं नाही. वस्तादाला कळलं. “इओरी नाही काका. तुमच्या वेळचा टेरी आहे.”

मुलाने गाडीची किल्ली माझ्याकडे दिली आणि खुर्ची ओढली. पहिला डाव तो हरला, तेव्हा त्याचा हात आपसूक खिशाकडे गेला, नाण्यासाठी.