पाणी कुठपर्यंत येते?

या सदराच्या वाचकांची पत्रे मला अधूनमधून येतात. बहुतेकांत माझ्या शुद्धलेखनाच्या चुका असतात, म्हणजे त्यांनी दाखवून दिलेल्या. एकदोघांनी आपल्या कन्येसाठी माझ्या विद्यार्थ्यांत एखादे स्थळ आहे का, अशीही विचारणा केली आहे. पण गेल्या महिन्यात चिपळूणहून आलेल्या पत्राने मला चांगलेच अडचणीत टाकले. पत्रकर्त्यांची बदली नागपूरला झाली आहे, मुले सहा आणि तीन वर्षांची आहेत, आणि नागपूर त्यांनी नकाशाखेरीज कुठे पाहिलेले नाही. “आपणही आमच्याच बाजूचे, सांगलीचे. तेथे आता रुळला आहात. तरी बिऱ्हाड करण्यास कोणता भाग चांगला, ते कृपया कळवावे.”

मी उत्तर लिहायला बसलो. ‘धरमपेठ’ असे लिहिले आणि खोडले. ‘लक्ष्मीनगर’ लिहिले, तेही खोडले. कागद भरला, पण उत्तर झाले नाही. तेव्हा त्यांना पाठवायचे ते येथेच लिहितो. दिवाळी अंकात जागा थोडी ऐसपैस असते.

सांगलीत पावसाळ्यात दोन माणसे भेटली, की ती ‘काय, कसं काय?’ असे विचारीत नाहीत, ‘आयर्विनला किती?’ असे विचारतात. १९२९ सालच्या त्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी फुटांत मोजले जाते. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका, हे आमच्याकडच्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. आमचे बिऱ्हाड गावभागात, तळमजल्यावर. माणसे वेळेवर बाहेर पडली. पुस्तकांची दोन कपाटे राहिली. आठ दिवसांनी दार उघडले, तेव्हा पुस्तके फुगून कपाटात अशी घट्ट बसली होती की ती काढायला सुतार बोलवावा लागला. त्याने पटाशीने काढलेले ते लगदे अंगणात पडलेले मी पाहिले, आणि नंतर वर्षभर विद्यार्थ्यांना ‘संदर्भग्रंथ पाहा’ असे सांगताना माझी जीभ अडखळत असे. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आले. त्या वेळी पुस्तके नव्हतीच. त्यानंतर महिनाभरात बदलीचा हुकूम आला. मी सरकारी महाविद्यालयातला माणूस. हुकमापुढे इलाज नाही. पण खरे सांगायचे तर मला आत कुठे तरी सुटल्यासारखे वाटले.

ऑक्टोबरात आम्ही महाराष्ट्र एक्सप्रेसने निघालो. ही गाडी सांगलीहून नागपूरला एक अख्खा दिवस आणि वर काही तास घेते, आणि एवढे करून आपण महाराष्ट्रातच असतो! भुसावळनंतर मुलीने विचारले, “बाबा, अजून आपलंच राज्य?” मी हो म्हणालो, पण अकोल्याच्या फलाटावरचे बोलणे ऐकून तिचा विश्वास बसेना.

नागपुरात आमच्याकडच्यासारख्या गल्ल्या नाहीत असे नव्हे. महाल आणि इतवारीत त्या भरपूर आहेत. पण बिऱ्हाडे मिळतात ती ‘लेआउटां’त. हा इंग्रजी शब्द येथे इतका मुरला आहे, की भाजीवालासुद्धा ‘मी त्या लेआउटात जात नाही जी’ म्हणतो. दलाल आम्हांला स्कूटरवरून चार दिवस हिंडवीत होता. प्रत्येक भागाबद्दल त्याचे एकच विशेषण: ‘पॉश’. धाकट्यांच्या शाळा तेव्हा उघडल्याच नव्हत्या, त्यामुळे शाळेची वाट चालून पाहण्याचे कोणाला सुचले नाही. आणि मी? मी प्रत्येक घरात शिरलो, की घरमालकाला पहिला प्रश्न विचारी, “पाणी कुठपर्यंत येते?”

“चोवीस तास येते जी. टाकी आहे वर.”

“नळाचे नव्हे. पुराचे.”

यावर नागपूरकर हसत. एक जण तर आत जाऊन बायकोला घेऊन आला, तिलाही हसता यावे म्हणून.

पाचव्या दिवशी अंबाझरी तलावाच्या खालच्या अंगाला एक घर पाहिले. तळमजला, पुढे अंगण, अंगणात आंबा. वर कोणी नाही. मालक टपालखात्यातून निवृत्त झालेले, मुले परदेशी, घरात नवरा-बायको दोघेच. त्यांना भाड्यापेक्षा सोबत हवी होती. काकूंनी आमच्या तीन वर्षांच्या चिरंजीवांना खारे दाणे दिले आणि ते त्यांच्या मांडीवर बसले ते उठेनात. ही माझ्याकडे पाहू लागली. बारा वर्षांच्या संसारानंतर ते पाहणे कळते. घर ठरले होते.

मी मागचे दार उघडले. परसाच्या भिंतीपलीकडे खाली एक काळपट ओघळ वाहत होता.

“हे काय?”

“नाग नदी,” काका म्हणाले. “म्हणायला नदी. आम्ही तर नालाच म्हणतो.”

ज्या नदीवरून शहराला नाव पडले असे सांगतात, ती ही! टाचसुद्धा भिजू नये एवढे पाणी. पण माझे लक्ष पाण्याकडे नव्हते. भिंतीच्या उंचीकडे होते. मी दार लावून घेतले आणि बाहेर येऊन म्हणालो, “घर उत्तम आहे. पण भाडे झेपायचे नाही.”

ते चौदा हजार मागत होते. काका जरा थांबले, काकूंकडे पाहिले आणि म्हणाले, “साडेबारा द्या. मुलं आहेत घरात, काय करायचं पैशाचं?” यावर मी काय बोललो ते आठवत नाही, काही तरी पुटपुटलो आणि चपला घातल्या. पुराची भीती वाटते, तुमच्या घरामागे नदी आहे, हे त्या दोन म्हाताऱ्या माणसांना तोंडावर सांगायची मला लाज वाटली. चार दिवस माझे हसे झालेच होते. रस्त्यात ही एक शब्द बोलली नाही.

मग आम्ही प्रतापनगरच्या पुढे, तीन मजली इमारतीत, सगळ्यांत वरचा मजला घेतला. भाडे साडेतेरा हजार!

वरचा मजला म्हणजे काय, हे नागपुरात एप्रिलमध्ये कळते. पारा पंचेचाळीसच्या आसपास गेला. आमच्या डोक्यावर गच्चीची स्लॅब, आणि निजायच्या खोलीची भिंत पश्चिमेला. रात्री अकराला त्या भिंतीला हात लावला तर तव्याला लावल्यासारखा. सांगलीच्या उन्हाळ्यावर पोसलेले आम्ही, पंखा जोरात केला की झाले अशा समजुतीचे. पंखा तापलेली हवा तेवढी खाली ढकलीत होता. मे महिन्यात चिरंजीवांना सणकून ताप भरला. डोळे लावीनात, पाणी ठेवीनात. डॉक्टरांनी नाडी पाहण्याआधी विचारले, “कोणत्या मजल्यावर राहता?” आणि मग, “पश्चिमेची भिंत कोणत्या खोलीला?” वैद्यकशास्त्रात वास्तूचा हा पाठ असतो हे मला ठाऊक नव्हते. मुलाला दोन दिवस सलाईन लावावे लागले. दुसऱ्या रात्री दवाखान्याच्या बाकावर ही एवढेच म्हणाली, “अहो, पुस्तकं कोरडी आहेत ना?”

मला त्या वाक्याचा राग आला नाही. राग यायला काही तरी उत्तर सुचावे लागते.

आम्हांला वाचविले ते तळमजल्यावरच्या शेजारणीने. तिने आम्हांला विचारलेसुद्धा नाही. सकाळी अकराला वर आली, दोन्ही मुलांना बखोट धरून खाली घेऊन गेली आणि कूलरपुढे चटईवर निजविले. कूलरच्या ताट्या दर उन्हाळ्याला बदलायच्या, खिडकी थोडी उघडी ठेवायची नाही तर खोली दमट होते, बाहेर पडण्याआधी पन्हे प्यायचे, हे सारे शिक्षण तिच्याकडे झाले. तो सबंध महिना आमची दुपार तिच्या घरी गेली. मुलीने तेथेच वऱ्हाडी-नागपुरी उचलली. सुट्टीत सांगलीला गेल्यावर तिने मंडईत ‘एक जुडी सांबार’ मागितला, तेव्हा भाजीवाली म्हणाली, “बाळ, ते हॉटेलात मिळतं.” तिला कोथिंबीर हवी होती!

पुढल्या वर्षी, २२ सप्टेंबर २०२३ ला, याच शेजारणीकडे आम्ही महालक्ष्म्यांना जेवायला होतो. आमच्याकडच्या गौरी त्या इकडच्या महालक्ष्म्या. पण थाट इकडे मोठा. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळी. जेवून वर आलो आणि झोपलो. मध्यरात्रीनंतर पाऊस सुरू झाला. तो पाऊस ऐकून मी उठून बसलो. सांगलीकराला पावसाच्या आवाजावरून काही कळते. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त कोसळला. अंबाझरी तलाव भरून वाहू लागला आणि ते सारे पाणी नाग नदीत उतरले. पहाटे माणसे होड्यांतून काढावी लागली. काही माणसे त्या पाण्यात गेली.

कॉलेजला सुट्टी होती. दलालाच्या वहीतून उतरून घेतलेला काकांचा नंबर माझ्याकडे दोन वर्षे पडून होता. लागला नाही. पाणी ओसरू लागले तसे आम्ही दोघे निघालो. ते घर मी लांबूनच ओळखले, आंब्यामुळे. अंगणातल्या चिखलात एक लोखंडी कपाट आडवे पडले होते. भिंतीवर माझ्या छातीच्या उंचीची एक सरळ तपकिरी रेघ. ती रेघ मला ओळखीची होती. शेजाऱ्यांनी त्या दोघांना शिडीने गच्चीवर नेले होते. महालक्ष्म्यांचे मुखवटे काकूंनी पदरात बांधून वर नेले, बाकी सगळे खाली राहिले.

काकांनी मला पाहिले. नाव त्यांच्या लक्षात नव्हते, प्रश्न होता.

“प्रोफेसर, तुम्ही विचारलं होतं.”

मी म्हणालो, “मी खोटं बोललो होतो. भाड्याचं.”

“ते तेव्हाच समजलं जी,” ते म्हणाले. “तुम्ही मागचं दार उघडून भिंत मोजून राहिले होते.”

यानंतर बोलणे झाले नाही, काम झाले; आणि ते काम मला येत होते. मेन स्विच बंद असल्याची खात्री करायची. चिखल ओला आहे तोवरच पाणी मारून काढायचा, वाळला की दगड होतो. पुस्तके उन्हात घालायची नाहीत, सावलीत उभी करून पानांत कोरे कागद घालायचे. काकू लग्नाच्या अल्बममधले फोटो ओढून सुटे करू लागल्या, तेव्हा हिने त्यांचा हात धरला, स्वच्छ पाण्याची परात आणली आणि त्यात फोटो बुडवून एकेक अलगद सोडविला. आम्ही तीन दिवस जात होतो. मुले आमच्या तळमजल्यावरच्या शेजारणीकडे होती. घर निवडताना मी दहा प्रश्नांची यादी केली होती. ‘तीन दिवस मुलांना कोण ठेवून घेईल?’ हा त्यात नव्हता.

तर चिपळूणचे महाशय, तुम्हांला पुराचा प्रश्न शिकविण्याची गरज नाही. कोणी हसले तरी तो जरूर विचारा. पण आमच्यासारखे फक्त तेवढाच विचारू नका. घर पाहायला दुपारी तीनला जा, आणि पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावून पाहा. मधला मजला मिळाला तर घ्या. आम्ही आता त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर उतरलो आहोत. शाळेची वाट मुलांना घेऊन पायी चाला. दलालाला नमस्कार करून परत पाठवा आणि संध्याकाळी एकटेच त्या रस्त्यावर या, बायका दाराशी उभ्या असतात त्या वेळी. त्या बोलल्या तर घर घ्या. तोवर आमच्याकडे उतरा. जागा आहे.

काकांनी घर सोडले नाही. मात्र परसाच्या भिंतीवर त्यांनी बाहेरच्या बाजूने, नदीकडे तोंड करून, पांढऱ्या रंगात फुटांचे आकडे काढून घेतले आहेत. पावसाळ्यात रात्री-अपरात्री त्यांचा फोन येतो.

“प्रोफेसर, झोपले का? आपल्या आयर्विनला दोन फूट.”

मी फोन ठेवतो. अंधारात ही विचारते, “किती?”