बोर्ड चकाचक, पण तुमच्या नसांचं काय?

"पेट्रोलने बोर्ड चकाचक होतो डॉक्टर, काही होत नाही!" मोबाइल, टीव्ही, मोटारीचे स्टार्टर दुरुस्त करणाऱ्या मित्रांनो, तुमचं हे वाक्य मला अजिबात मान्य नाही. बोर्ड साफ होतो, हे खरं. पण अर्धं शटर ओढलेल्या छोट्या दुकानात त्याची वाफ दिवसभर तुमच्याच छातीत जाते.

पेट्रोलमध्ये हेक्झेन असतं. ते शरीरात गेल्यावर त्यापासून नसांना मारक असा पदार्थ तयार होतो. सगळ्यात लांब नसांना आधी फटका बसतो, म्हणून सुरुवात पायांपासून होते. मुंग्या येतात, तळवे बधिर होतात, मग पायातली चप्पल निसटते. 2009 मध्ये चीनमधल्या सुझोऊच्या एका कारखान्यात मोबाइलच्या टच स्क्रीन हेक्झेनने पुसत होते, कारण ते झटपट वाळतं. शंभराहून जास्त कामगार आजारी पडले. काम सोडल्यावरही हा त्रास काही आठवडे वाढू शकतो आणि बरं व्हायला महिने लागतात. शिवाय पेट्रोलमधलं बेंझिन रक्ताचा कर्करोग करतं. थिनरमधलं टोल्युइन मेंदूवर परिणाम करतं.

"पण पाण्याने बोर्ड जातो ना?" नाही. बोर्ड जातो तो पाण्यातल्या क्षारांमुळे आणि राहिलेल्या ओलीमुळे. मोठ्या कारखान्यांत बोर्ड क्षारविरहित पाण्याने धुतातच. म्हणून पाण्यावर आधारित क्लीनर घ्या. आधी बॅटरी काढा, मऊ ब्रशने फ्लक्स सोडवा, डिस्टिल्ड वॉटरने धुवा आणि पूर्ण वाळल्याशिवाय करंट देऊ नका. आपल्या धाराशिवच्या बोअरचं जड पाणी इथे चालणार नाही. स्पीकर, माइक, डिस्प्ले मात्र ओले करू नका.

पाण्यावर आधारित म्हणजे निर्धोक, असंही समजू नका. काही क्लीनर तीव्र अल्कलीचे असतात; हातमोजे आणि चष्मा हवाच. खरेदी करताना दुकानदाराकडे सुरक्षा माहितीपत्रक मागा. "वास येत नाही" हा काही पुरावा नव्हे. धुतलेल्या पाण्यात सोल्डरचं शिसं असू शकतं, ते नालीत ओतू नका.

क्लीनर महाग पडतो, वाळायला वेळ लागतो, कबूल. पण ज्या बोटांवर तुमचं पोट चालतं, ती बधिर झाली तर दुकान कोण चालवणार? आणि गिऱ्हाइकांनो, "दहा मिनिटांत द्या" हा हट्ट तुम्हीही सोडा.

पायाला मुंग्या येत असतील तर नुसत्या बी-12 च्या गोळ्या खात बसू नका. डॉक्टरांना आधी सांगा, तुम्ही दिवसभर काय हुंगता ते.