रांजणाचा पाझर आणि अग्निबाणाची नळी

गेल्या उन्हाळ्यात धाराशिवला आमच्या पाणपोईच्या रांजणांना मीच हौसेने ऑइलपेंट लावला. रांजण देखणे झाले, पण दुपारी पाणी कोमट. एक आजी घोट घेऊन म्हणाल्या, "लेकरा, त्याचा पाझर बंद केलास की रे!"

आजींच्या या बोलण्यात अग्निबाणाच्या शास्त्रातला एक अवघड धडा आहे.

अग्निबाणाच्या इंजिनात जळता वायू सुमारे ३००० अंश सेल्सिअस तापतो. पोलाद त्याच्या निम्म्या तापमानाला वितळते. हा वायू आधी अरुंद आणि मग फाकत जाणाऱ्या नळीतून, म्हणजे नॉझलमधून, सुटतो. अरुंद गळ्यापाशी तो ध्वनीचा वेग गाठतो, पुढे त्याच्या कितीतरी पट. भिंतीला सर्वांत जास्त चटका बसतो तो गळ्यापाशीच.

यावर एक उपाय म्हणजे भिंतच सच्छिद्र करायची आणि तिच्यातून थंड द्रव किंवा वायू दाबाने आत झिरपवायचा. येताना तो भिंतीची उष्णता उचलतो. आत आला की आग आणि भिंत यांच्यात पातळ पडदा धरतो. रांजणात मात्र पाण्याची वाफ होते म्हणून गारवा येतो. इथे वाफ झालीच पाहिजे असे नाही.

मी पडलो कारकून, त्यामुळे खर्चाची बाजू आधी दिसते. झिरपलेले इंधन नीट जळत नाही, तेवढा जोर घटतो. त्याहून मोठी अडचण छिद्रे बुजण्याची. आपल्या बोअरच्या जड पाण्याने माठावर पांढरा क्षार धरतो, मग आपण माठ बदलतो. चालू इंजिनात छिद्रे बुजली तर तिथेच भिंत वितळणार. म्हणून पाझरते नॉझल अजून मुख्यतः प्रयोगशाळेतच आहे. अमेरिकेच्या चंद्रमोहिमांतील जे-२ इंजिनाची इंधन फवारणारी तबकडी मात्र सच्छिद्र पोलादी जाळीची होती. तिच्यातून हायड्रोजन झिरपे.

आपल्या विकास इंजिनात इंधनाचाच पातळ थर भिंतीलगत सोडतात. ही पाझराची चुलत बहीण म्हणा. ही इंजिने मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात बनतात. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ घेऊन निघालेल्या अग्निबाणात अशी दोन होती.

यंदा रांजण कोरे ठेवलेत. देणगीदारांची नावे शेजारच्या फळीवर.